पिरान्हाची पहिली टाकी: दातांची नको, अमोनियाची धास्ती घ्या

दुकानात पिरान्हा म्हणून पिशवीत बांधून मिळणारा मासा पुष्कळदा रूपचंद निघतो. हो, तोच, मासळी बाजारात किलोवर मिळणारा आणि तळून खाल्ला जाणारा रूपचंद. दोघेही दक्षिण अमेरिकेतले, एकमेकांचे भाऊबंद, आणि लहानपणी रूपचंदाचं पोटही लालभडक असतं. म्हणून टाकीच्या मापाआधी मासा ओळखायला शिका. बाजूने बघा: पिरान्ह्याचा चेहरा बोथट आणि खालचा जबडा बुलडॉगसारखा पुढे आलेला असतो. रूपचंदाचा तसा नसतो. दात दिसण्याएवढा मासा असेल तर प्रश्नच मिटला. पिरान्ह्याचे दात त्रिकोणी, एकमेकांत बसणारे. रूपचंदाचे चपटे, थेट माणसाच्या दाढांसारखे. ही चूक महागात पडते, कारण लाल पोटाचा पिरान्हा साधारण २५ ते ३० सेंटिमीटरवर थांबतो आणि रूपचंद दोन फुटांच्याही पुढे जातो. दोन फुटांचा मासा कुठल्याही फ्लॅटमधल्या टाकीत सुखाने राहू शकत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. परदेशी मासे परवानगीशिवाय देशात आणता येत नाहीत. मासा कुठून आला हे विचारा, पावती घ्या. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर दुकान सोडा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तर आधी आपल्या राज्याचा कायदा बघावा. कॅलिफोर्निया, टेक्सस आणि फ्लोरिडात पिरान्हा पाळायला बंदी आहे.

आता माशाचा स्वभाव, कारण पुढची सगळी मापं त्यावरूनच येतात. सन १८५८ मध्ये लाल पोटाच्या पिरान्ह्याला शास्त्रीय नाव मिळालं ते ब्राझीलमध्ये अनेक वर्षं नमुने गोळा करणाऱ्या योहान नाटरर या ऑस्ट्रियन निसर्गअभ्यासकावरून. पण मासा जगभर बदनाम झाला तो १९१४ नंतर, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या ब्राझीलवारीच्या वर्णनांमुळे. प्रत्यक्षात हा भित्रा मासा आहे. तो थव्याने राहतो ते शिकारीसाठी नव्हे, तर मगरी, पाणकावळे आणि नदीतले डॉल्फिन यांच्यापासून जीव वाचवायला. २००५ साली अभ्यासकांनी दोनच्या आणि आठच्या गटातल्या पिरान्ह्यांचा श्वासाचा वेग मोजला. आठच्या गटातले मासे निवांत होते, दोनच्या गटातले धापा टाकत होते. घरच्या टाकीत याचा अर्थ सरळ आहे: एकतर एकच मासा ठेवा, नाहीतर निदान पाच. दोन-तीन ठेवलेत की सगळा राग सर्वांत दुबळ्यावर निघतो आणि तो काही आठवड्यांत संपतो.

पाच मोठ्या माशांसाठी टाकी ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. "आता पिल्लंच आहेत, तीन फुटी चालेल" असं सांगणारा पुढच्या वर्षी तुम्हालाच दुसरी टाकी विकणार असतो. पिल्लं पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतात, थेट मोठ्या टाकीत सोडलेली बरी. रुंदी दोन फुटांखाली नको. एक फूट लांबीच्या माशाला वळायला जागा लागते.

ही टाकी २२ इंच भरली, वाळू-लाकडाची जागा वजा केली, की सुमारे ६०० लिटर पाणी राहतं. म्हणजे ६०० किलो. १२ मिलिमीटर काचेची टाकी सव्वाशे किलोच्या आसपास, इंचभर वाळू ४५ किलो, वर स्टँड आणि खालचा संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी. सगळं मिळून साडेआठशे ते नऊशे किलो, आणि तेही फक्त १२ चौरस फुटांवर. घरांच्या स्लॅबची आखणी साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून करतात. तुमचा भार त्याच्या चौपट होतो, फक्त छोट्या जागेत. म्हणून टाकी भिंतीलगत, बीमच्या वर किंवा अगदी जवळ. खोलीच्या मधोमध नाही आणि बाहेर काढलेल्या बाल्कनीत तर मुळीच नाही. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय काच कापायला सांगू नका.

काचवाल्याला तीन गोष्टी बजावून सांगा. वरच्या कडेला आतून चारही बाजूंनी काचेची पट्टी, नाहीतर सहा फुटी काच मध्ये फुगते. सिलिकॉन टाकीसाठीचं, बाथरूमचं बुरशीरोधक नको. त्यातलं औषध माशांना मारतं. आणि जोड भरल्यावर आठवडाभर पाणी नाही. स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा करा आणि पाणसळ लावून चारही कोपरे तपासा. स्टँड आणि टाकी यांच्यात अर्धा इंच थर्माकोल टाका. एका कोपऱ्याखाली वाळूचा खडा राहिला तरी तळ तिथूनच तडकतो, आणि तोही भरल्यावर दोन महिन्यांनी, रात्री.

फिल्टरवर कंजुषी करू नका. हे मासे मांस खातात, खाताना भुगा उडवतात आणि भरपूर घाण करतात. टाकीचं पाणी तासाला पाच-सहा वेळा फिरायला हवं, म्हणजे ३००० ते ३६०० लिटर. मात्र पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायचं नसताना मोजलेला असतो. संपातून चार-पाच फूट चढवायचं तर तो बराच खाली येतो. तासाला ५००० ते ६००० लिटरचा पंप घ्या. मला कॅनिस्टरपेक्षा, म्हणजे बंद डब्याच्या फिल्टरपेक्षा, संप पसंत आहे, मुख्यतः हिटरमुळे. पिरान्हा वायर चावतो आणि दचकला की काचेच्या हिटरवर आपटतो, म्हणून हिटर टाकीत नसलेलाच चांगला. संपात पाणी आधी फिल्टर वूलमधून जाऊ द्या, मग स्पंज, मग सिरॅमिक रिंग, शेवटी पंप. वूल आठवड्याला बदला. रिंग मात्र नळाखाली कधीही धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलवून घ्या. रिंगवर अमोनिया पचवणारे जिवाणू वसलेले असतात; क्लोरीनने ते मेले की टाकी पुन्हा शून्यावर येते.

संप करताना हमखास चुकणारा हिशोब म्हणजे लाइट जाण्याचा. पंप थांबला की वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे संपात पाणी सोडणाऱ्या तोंडाच्या, कडेपर्यंत खाली उतरतं. या टाकीत एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर. पंपाकडून टाकीत पाणी आणणाऱ्या परतीच्या पाइपचं तोंड पाण्यात खोल बुडालेलं असेल तर उलटा सायफन बसून आणखी तेवढंच येतं. संपात निदान ६० लिटर जागा रिकामी हवी आणि त्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक हवं, म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं, महिन्याला काडी फिरवा. पहिल्याच दिवशी पंप तीनदा बंद-चालू करून बघा. घरातली लाकडी फरशी फुगण्यापेक्षा ते स्वस्त. लाइट वारंवार जात असेल तर निदान एअर पंप इन्व्हर्टरवर टाका. कॅनिस्टर वापरत असाल आणि तो कित्येक तास बंद राहिला असेल, तर आतलं सडकं पाणी टाकीत ढकलू नका; आधी उघडून खंगाळा.

तापमान २५ ते २८ अंश. मुंबई-कोकणात हिटर वर्षातले बरेच महिने नुसता बसून असतो; पुण्यात, नाशकात, विदर्भात हिवाळ्यात तो लागतोच. एक मोठा घेण्यापेक्षा ३०० वॉटचे दोन घ्या. थर्मोस्टॅट चिकटला तर एकटा छोटा हिटर टाकी शिजवू शकत नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा तग धरतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात अडचण उलटी असते: पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. झाकण जाळीचं करून पाण्यावर छोटा पंखा सोडा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. सगळी वीजजोडणी ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीमागून (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकेल.

आत फार काही लागत नाही. बारीक धुतलेली नदीची वाळू. तिच्यावर थोडं व्हिनेगर टाका, फेस आला तर तिच्यात शिंपल्यांचा चुरा आहे, ती पाणी जड करेल, घेऊ नका. दोन-तीन मोठी लाकडं अशी लावा की एका माशाला दुसरा सतत दिसणार नाही. मागे काळा कागद, वर मंद दिवा. लखलखीत एलईडीखाली पिरान्हे कोपऱ्यात गठ्ठा करून बसतात आणि मालक म्हणतो, मासे आजारी आहेत. मनी प्लांटच्या वेली संपात मुळं सोडून ठेवा, नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी उरणारा क्षार) बरंच खेचतात.

आता खरी परीक्षा. टाकी भरून दुसऱ्या दिवशी मासे सोडणं हे पिरान्हे मरण्याचं सर्वांत मोठं कारण. माशांच्या घाणीतून अमोनिया येतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिल्या दोन गोष्टी विषारी, तिसरी बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात.

मासे न टाकता हे करता येतं. आधी क्लोरीन घालवा: हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे क्लोरीनच्या वजनाच्या साधारण सात पट लागतात. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर ६०० लिटरला साडेआठ ग्रॅम. मग अमोनियम क्लोराइड, म्हणजे शुद्ध नवसागर. भांड्यांना कल्हई लावायला मिळतो तो नको, प्रयोगशाळेचा घ्या. ६०० लिटरमध्ये ४ ग्रॅम टाकलेत की अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होतो. पाणी २८ अंशांवर ठेवा, एक दिवसाआड लिक्विड टेस्ट किटने मोजा. अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा ४ ग्रॅम. मधल्या काळात नायट्राइट चढून बसेल आणि हलणारच नाही असं वाटेल. तेव्हा नवसागराचा डोस निम्मा करा आणि थांबा. ४ ग्रॅमचा डोस २४ तासांत पूर्ण पचून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टाकी तयार.

मुंबईकरांसाठी इथे एक खाचखळगा आहे. तुमचं पाणी पावसावर भरणाऱ्या तलावांचं, मऊ. जिवाणू काम करताना पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच टिकवून धरणारे क्षार, खातात. ती संपली की पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि जिवाणू काम थांबवतात. अमोनिया तिसऱ्या आठवड्यात अचानक जागेवर अडकला तर आधी पीएच बघा. ६०० लिटरला १८ ग्रॅम खायचा सोडा टाकला की कार्बोनेटची कठीणता, म्हणजे हीच क्षारता, एक अंशाने वाढते. दोन-तीन अंश हातात असू द्या. दख्खनच्या बोअरच्या पाण्यात ही अडचण नाही, ते आधीच जड असतं. मासे त्याला हळूहळू सवय करून घेतात. नुसतं आरओचं पाणी मात्र वापरू नका.

मासे घेताना सगळे एकाच मापाचे घ्या. पिल्लं एकमेकांना खातात, आणि त्यात मापातला फरक हाच घातक. पाच हवे असतील तर सात घ्या. पहिले काही महिने दिवसातून दोन-तीनदा खायला द्या. पोट भरलेलं पिल्लू भावाची शेपटी सोडतं. कुरतडलेले पर पाणी स्वच्छ असेल तर आपोआप भरून येतात, औषध लागत नाही.

मोठ्यांना एक दिवसाआड पुरे. चिलापीचे काटा काढलेले तुकडे, कोळंबी, गांडुळं आणि सोबतीला मांसाहारी माशांचे पेलेट. पेलेटची सवय पिल्लं असतानाच लावा, नंतर तोंड फिरवतात. मटण-चिकनची चरबी माशांना पचत नाही. जिवंत गोल्डफिश सोडून तमाशा बघण्याचा शौक असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या: गोल्डफिशबरोबर दुकानातले सगळे रोग येतात, आणि त्याच्या अंगात थायामिनेज असतं, जे ब१ जीवनसत्त्व मोडतं. सतत तेच खाणारा पिरान्हा हळूहळू खंगतो. मांदेलीचंही तेच, कधीतरी ठीक. उरलेला तुकडा पंधरा मिनिटांत लांब चिमट्याने काढा. लाकडामागे अडकलेली एक कोळंबी रात्रीत पाणी दुधाळ करते.

दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदला, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली ठेवा. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीन वाढलेलं असू शकतं, तेव्हा हायपो किंचित जास्त. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले तर तापमान हळूहळू ३० वर न्या, लिटरला एक ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ विरघळवून घाला आणि हवा वाढवा. बाटलीतली तांब्याची किंवा मॅलाकाइट ग्रीनची औषधं या कुळाला सोसत नाहीत. द्यायचीच तर निम्म्या डोसाने.

आणि चावण्याबद्दल. टाकीत हात घातला की मासे दुसऱ्या टोकाला पळतात. चावा बसतो तो मासा पकडताना, किंवा खाण्याच्या वेळी बोटाला कोळंबीचा वास असताना. नायलॉनची जाळी ते कापून बाहेर येतात. प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट उचला. पाण्याबाहेर काढला की तो भुंकल्यासारखा आवाज करतो, दचकून डबा सोडू नका. हातावर ताजी जखम असेल तर त्या दिवशी सफाई टाळा. आणि कंटाळा आला म्हणून नदीत, विहिरीत, तलावात सोडू नका. केरळच्या वेंबनाड तलावात रूपचंद सापडल्याची नोंद आहे, तो तिथला मासा नव्हे.

गावी जाताना शेजाऱ्याला खाणं द्यायला सांगू नका. धडधाकट मोठा पिरान्हा आठवडाभर उपाशी सहज राहतो. शेजाऱ्याने प्रेमाने टाकलेली अर्धा किलो कोळंबी मात्र टाकीला झेपत नाही. निघण्याआधी दोन दिवस खाणं बंद, आदल्या दिवशी पाणी बदला, वूल नवं घाला, दिवा टायमरवर टाका. शेजाऱ्याकडे एकच काम सोपवा: रोज एकदा येऊन पंपाचा आवाज येतोय ना ते ऐकायचं, आणि येत नसेल तर फोन करायचा.