पुस्तकं आणि ठोकळे एकाच खोक्यात मागवू नका

आमचं खोकं मुंबईच्या विमानतळावर २६ मार्चला उतरलं आणि नाशिकला घरी आलं १४ मेला. एकोणपन्नास दिवस. आकडा पाठ आहे, कारण त्यातल्या बहुतेक दिवशी मी कुणाला ना कुणाला फोन लावलाय. हे २०२४ सालचं. मुलांना घरी शिकवायचं ठरवलेल्या आयांचे मला अजून निरोप येतात, पुस्तकं कुठली घेतलीत म्हणून. सगळं सांगतेच, पण मथळ्यातली गोष्ट आधी लक्षात ठेवा.

थोरली तेव्हा आठ वर्षांची होती, धाकटा सहाचा. मराठी, गणित आणि परिसर अभ्यास बालभारतीचाच ठेवायचा हे आमचं पहिल्या आठवड्यातच ठरलं. पुढेमागे परीक्षा द्यायची म्हटली तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा आहे, आणि तोवर पोरं राज्याच्या अभ्यासक्रमापासून लांब गेलेली नकोत. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. छापील पुस्तकं त्या वर्षी चार भागांत होती, प्रत्येक भागात सगळे विषय एकत्र आणि मधे लिहायला कोरी पानं. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून तसं केलं होतं, पण आमच्या घरात दप्तरच नाही. थोरली मराठीत तिसऱ्या भागावर आणि गणितात पहिल्यावर, म्हणजे दर वेळी दोन-दोन भाग उघडून बसायचं. म्हणून मी विषयवार पीडीएफ छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. तिसरीचं परिसर अभ्यास जिल्ह्यानुसार वेगळं असतं, ते आपल्याच जिल्ह्याचं घ्या. नाशिकचं उघडलं त्या दिवशी लेकीने नकाशात गोदावरीवर बोट ठेवलं आणि उगमापासून खाली खाली नेत राहिली, जेवायला उठेना.

विज्ञानासाठी होमी भाभा केंद्राचं ‘स्मॉल सायन्स’, तिसरी ते पाचवीचं. तेही संकेतस्थळावर आहे. इंग्रजीत आहे, पण प्रयोग मराठीतून सांगत गेलं की काही अडत नाही. गोष्टींसाठी ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी पुस्तकं पायऱ्यांनुसार लावलेली आहेत, आणि ‘किशोर’चे जुने अंक. इथवर सगळं पंधरा दिवसांत जमलं.

अडलं ते धाकट्याच्या गणितात.

त्याला ‘सत्तावन्न’ म्हटलं की तो ७५ लिहायचा. आधी मला वाटलं लक्ष नाही. मग एकदा त्याच्या पेन्सिलीकडे नीट पाहिलं. ‘सत्ता’ कानावर पडलं की लगेच तो ७ लिहून टाकायचा आणि ‘वन्न’ ऐकून त्याच्यापुढे ५. म्हणजे तो जे ऐकत होता तेच, त्याच क्रमाने लिहीत होता. आपल्या मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक मागून. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर कारण समजावून सांगत होत्या, पण तेव्हा मीही ‘मराठीची वाट लावली’ म्हणणाऱ्यांतली होते. घरचं पोर रोज ७५ लिहायला लागलं तेव्हा त्यांचं म्हणणं मला कळलं. ‘सत्तावन्न’ आम्ही सोडलं नाही, सोडायचंही नव्हतं. पण त्याला पाच दहा आणि एक सात डोळ्यांना दिसायला हवेत, एवढं नक्की झालं.

त्यासाठी हव्या होत्या रंगीत लाकडी कांड्या. बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी काढलेल्या. एक सेंटिमीटरपासून दहापर्यंत, प्रत्येक लांबीला आपला रंग. पांढरी एकची, लाल दोनची, काळी सातची, निळी नऊची, नारिंगी दहाची. पाच नारिंगी आणि एक काळी म्हणजे सत्तावन्न. माझी नणंद अमेरिकेत असते, तिच्या ओळखीतल्यांनी वापरलेला एक पूर्ण संच तिने सुचवला: इंग्रजी वाचनाची छोटी पुस्तकं, गणिताची दोन, आईसाठी मार्गदर्शिका आणि या कांड्या, सगळं एका खोक्यात. आम्ही मागवलं.

आता खोक्याची कथा.

कुरिअर कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. खोकं उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मेसेज आला: केवायसी भरा. आधार आणि पॅन चढवलं. चार दिवसांनी उत्तर, नाव जुळत नाही. ऑर्डर मी सासरच्या आडनावाने केली होती, पॅनवर माहेरचं. लग्नाचा दाखला जोडला. मग बिल मागितलं, मग पैसे भरल्याचा पुरावा. सगळं दिलं. १० एप्रिलला फोन आला.

“मॅडम, आयटम टॉय आहे. बीआयएस सर्टिफिकेट पाठवा.”

“टॉय नाहीये, गणिताच्या कांड्या आहेत. बाकी सगळी पुस्तकं आहेत.”

“इन्व्हॉइसवर वूडन टॉय ब्लॉक्स लिहिलंय मॅडम.”

विकणाऱ्याने बिलावर एक शब्द लिहिला होता, आणि त्या शब्दाला सगळं खोकं अडकलं.

मग मी नियम वाचायला बसले. २०२० च्या आदेशाप्रमाणे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह, म्हणजे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का लागतो, बाहेरून येणाऱ्याही. नियम मला पटतो. रंगात शिसं असतं, बारीक तुकडे पोरांच्या घशात जातात, तपासणी हवीच. पण तो शिक्का लावायचा परवाना खेळणं बनवणाऱ्या कारखान्याला मिळतो, विकत घेणाऱ्या आईला नाही. मी तो आणणार कुठून? शिवाय पुस्तकांवरचं आयात शुल्क २०१९ पासून ५ टक्के, खेळण्यांवरचं २०२३ पासून ७० टक्के. म्हणजे कांड्या सुटल्या असत्या तरी त्यांचा भुर्दंड पुस्तकांहून जास्त पडला असता.

हे सगळं मला कुरिअरवाल्यांनी सांगितलं नाही. ते एवढंच म्हणत राहिले, सर्टिफिकेट पाठवा. दर वेळी नवा माणूस, दर वेळी नवा तक्रार क्रमांक. माझ्या वहीत अकरा क्रमांक आहेत. प्रत्येकाला मी सत्तावन्न आणि पंचाहत्तरपासून सुरुवात करून सगळं सांगितलं, कारण मला वाटायचं की एकदा कुणाला कळलं की हे शिकवायचं साधन आहे, तर तो वर बोलेल. एक मुलगी ऐकून घ्यायची. “मॅडम, माझ्या पुतण्याचंही सेम होतं,” म्हणाली. दोन दिवसांत कळवते म्हणाली आणि नंतर त्या नंबरवर कधी भेटलीच नाही. मधेच मेसेज, पार्सल पडून आहे म्हणून डॅमरेज लागू होईल. त्या दिवशी मात्र माझा तोल गेला. फोनवर ओरडले. पोरं आतून बघत होती, आणि ते मला अजून खटकतं.

तेहतीस दिवस असे गेल्यावर, २८ एप्रिलला, फोनवरच्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, “ताई, तुम्हाला पुस्तकं हवीत की ठोकळे?”

म्हटलं, दोन्ही. पण एकच मिळणार असेल तर पुस्तकं.

“मग ठोकळ्यांवरचा हक्क सोडते असं लिहून द्या. पुस्तकं निघतील.”

एवढंच वाक्य होतं. हे वाक्य २७ मार्चला कुणीही सांगू शकलं असतं. मी त्याच रात्री सही करून पत्र पाठवलं, त्यानंतर शुल्क भरणं आणि खोकं फोडून वेगळं करणं यात आणखी सोळा दिवस गेले, पण ते सुटण्याकडे चाललेले दिवस होते, त्यांचं काही वाटलं नाही. तुमचं पार्सल असं अडकलं तर पहिल्याच फोनला विचारा: यातली कुठली वस्तू अडली आहे, आणि ती सोडून बाकीचं मिळेल का? पटवून देत बसू नका. फोनवरच्या माणसाच्या हातात पटून घेण्याचा अधिकारच नसतो.

ऑर्डर पॅनवरच्या नावानेच करा, हेही त्यातच आलं. आणि माल निघायच्या आधी विकणाऱ्याकडून बिलाची प्रत मागवून त्यावर काय शब्द लिहिलाय ते वाचा.

कांड्या गेल्या त्या गेल्याच. मग अण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, “अगं, लाकडाच्या पट्ट्याच ना? मिस्त्रीकडे जाऊ.” अण्णा धाकट्याला रोज संध्याकाळी पावकी-निमकी म्हणायला बसवतात, गणिताची कळकळ त्यांना माझ्याइतकीच.

मिस्त्रींना मी सांगितलं, एक सेंटिमीटर जाडीची पट्टी हवी. ते म्हणाले, “ताई, पट्टी सुतात मिळते. तीन सूत नाहीतर चार सूत.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. त्यांनी मापाने एक-एक सेंटिमीटरचे तुकडे कापून दिले. घरी आणून दहाच्या कांडीला लावले तर कधी दहा तुकडे पुरायचे, कधी कमी पडायचे, कारण तुकडा लांबीने एक सेंटिमीटर आणि रुंदीने अर्धा मिलिमीटर कमी. आडवा ठेवला की चूक. धाकटा तर कसाही ठेवणार. एवढ्यानेच साधन फुकट जातं, दहा एकं मिळून एक दहा होतो हेच तर त्याच्या हाताला कळायला हवं होतं.

तोडगा अण्णांनी काढला. सेंटिमीटर सोडा, म्हणाले, तीन सूत हाच एक. “तीन सूत दहा वेळा म्हणजे तीस सूत, पावणेचार इंच. मिस्त्री, पावणेचार इंचाची दहाची कांडी करा.” मिस्त्री हसले, हे माप त्यांच्या हातातलंच होतं. करवतीचं पातं दर कापाला सूतभर लाकूड खातं, म्हणून एकदाच खुणा करून सरसकट कापत गेलं की तुकडे लहान होत जातात. त्यांनी यंत्राला एक गुटका ठोकला, पट्टी त्याला टेकवायची आणि कापायची. मग सगळे तुकडे एकसारखे. वीस फूट पट्टी लागली. एक ते नऊच्या प्रत्येकी दहा कांड्या आणि दहाच्या बारा. मजुरी धरून साडेसहाशे रुपये. कडा पॉलिशपेपरने घासायला थोरली दोन दिवस अंगणात बसली होती. रंग पोस्टर कलरने देऊ नका, घामाने हाताला लागतो. आम्ही पुसून पुन्हा अॅक्रिलिकने दिला.

दिल्लीच्या ‘जोडो ग्यान’ची गणितमाळ नंतर कळली, शंभर मण्यांची, दर दहा मण्यांना रंग बदलतो. आपल्या देशातच मिळते, कसली आयात नको. सुरुवातीला माहीत असती तर कदाचित खोकं मागवलंच नसतं. आता ती भिंतीवर लावली आहे आणि कांड्यांबरोबर वापरतो.

खोक्यातल्या पुस्तकांबद्दल विचारतात म्हणून: इंग्रजी वाचनाची पुस्तकं फार चांगली निघाली. अक्षरांचे उच्चार पायरीपायरीने घेतलेत, थोरली तीन महिन्यांत आपापलं वाचायला लागली. एवढ्यासाठी पैसे वसूल. गणिताची पुस्तकं अर्धीच उपयोगाची. पैशांचे धडे डाइम आणि क्वार्टरचे, मोजमाप फूट-पाउंडात. ती पानं गाळून तिथे बालभारतीची नाणी-नोटा घेतल्या. मार्गदर्शिकेत वर्ष छत्तीस आठवड्यांत बांधलंय, ते वेळापत्रक जसंच्या तसं पाळायला जाऊ नका. आमच्याकडे गणपतीचे दहा दिवस कुणी पुस्तक उघडत नाही.

जूनमध्ये एकदा धाकट्याला म्हटलं, सत्तावन्न लाव. त्याने आधी काळी कांडी उचलली, सातची, कारण कानावर सात आधी पडलं होतं. ती त्याने चटईच्या पार उजव्या टोकाला ठेवली आणि डावीकडे जागा रिकामी सोडली. मग एकेक करत पाच नारिंगी त्या रिकाम्या जागेत लावल्या. पाटीवरही तसंच लिहिलं, आधी ७, मग त्याच्या डावीकडे ५.

अण्णा म्हणाले, “आता एकूणसाठ लाव बघू.”

तो बराच वेळ थांबला. मग एक निळी उचलली.