रोमच्या गुरुजींचा पगार
बुधवार, रात्र

आज दुसऱ्या वर्षाच्या वर्गात रोम संपवायचं ठरवलं होतं. संपलं नाही, आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नाहीये.

अध्यापक विद्यालयात येणाऱ्या मुलामुलींना रोम म्हटलं की सीझरचा खून आणि ग्लॅडिएटर एवढं आठवतं. त्यापुढे "सर, हे टीईटीला येतं का?" हा शिक्षक पात्रता परीक्षेचा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्यांना ऑगस्टसच्या सुधारणांचं काय कौतुक असणार? पुढे सहावीला शिकवायची वेळ आली, तर 'प्राचीन भारत आणि जग' या पाठात रोम भेटेल, तेही व्यापारापुरतं. म्हणून यंदा सम्राटांची यादी बाजूला ठेवली आणि थेट रोमन गुरुजींच्या वर्गात शिरलो.

सुरुवात पैशापासून केली. इ.स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लीशनने महागाई आवरण्यासाठी वस्तूंच्या किमती आणि मजुरी यांचे कमाल दर ठरवणारा हुकूम काढला. त्यात शिक्षकही आहेत. अक्षरं शिकवणाऱ्याला एका मुलामागे महिन्याला ५० डिनेरियस (रोमन नाणं), हिशेब शिकवणाऱ्याला ७५, वक्तृत्व शिकवणाऱ्याला २५०. आणि सुताराला दिवसाला ५०, वर जेवण. एवढं फळ्यावर लिहून गप्प बसलो. वर्गात लगेच तोंडी हिशेब सुरू झाला. तीस पोरं जमवली तर गुरुजी कसेबसे सुताराच्या बरोबरीला. "आणि जेवण नाहीच," मागच्या बाकावरून आवाज आला. मग शिक्षणसेवकाचं, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकाचं, मानधन निघणारच होतं. सहा हजारांचे सोळा हजार झाले, पण त्यात शहरात खोलीचं भाडं सुटतं का, यावर बराच वेळ वाद रंगला. मी थांबवला नाही. एरवी याच वर्गाकडून तोंडातून शब्द काढून घ्यावा लागतो.

नंतर विचारलं, हे पैसे गुरुजींच्या हातात खरोखर पडत होते, असं हा हुकूम सांगतो का? थोडी चुळबुळ झाली. सरकारने दर जाहीर केला म्हणजे व्यवहार त्याच दराने होतो असं नाही, हे कांदा पिकवणाऱ्या घरातल्या पोरांना मला समजावून सांगावं लागलं नाही. हुकूम हा कमाल दर आहे, पगारपत्रक नव्हे. साधनाने काय सांगितलं आणि काय नाही, यावर मी दर वर्षी एक कोरडा तास घेतो. आज तो आपोआप झाला.

मार्शल या रोमन कवीची तक्रार वाचून दाखवली तेव्हा हशा पिकला. कोंबडा आरवायच्या आधीच शेजारचे गुरुजी ओरडायला आणि मारायला लागतात, झोप म्हणून लागू देत नाहीत, असं तो चिडून लिहितो. सरकारी प्राथमिक शाळा नव्हत्याच. भाड्याच्या जागेत, नाहीतर रस्त्यालगतच्या ओसरीत वर्ग भरायचा. होरेस या दुसऱ्या रोमन कवीने तर आपल्या ऑर्बिलियस गुरुजींना 'मारकुटे' म्हणून कायमचं अमर करून ठेवलं आहे.

क्विंटिलियन मात्र सगळ्यांना एकदम आवडला. पहिल्या शतकातला हा वक्तृत्वाचा शिक्षक म्हणतो की लहान मुलांना खेळायला हस्तिदंती अक्षरं द्या, फळीवर अक्षरं कोरून त्या खाचेतून लेखणी फिरवू द्या, आणि मुलांना मारू नका. शिक्षण हक्क कायद्याचं मारायला मनाई करणारं कलम १७ पाठ असलेल्या वर्गाला आणखी काय हवं? "सर, म्हणजे तेव्हाही आपल्यासारखंच होतं!"

हे वाक्य ऐकलं की माझा पारा चढतो. इतिहास शिकवण्याची सगळी मेहनत त्या एका 'आपल्यासारखंच'मध्ये वाहून जाते. मग क्विंटिलियनचं पुढचं म्हणणं वाचायला लावलं. मारू नये का, तर मार हा गुलामांच्या लायकीचा आहे म्हणून. मुलाला शाळेत पोचवणाऱ्या 'पेडागोगस'ला एकाने मघाशीच 'रिक्षावाले काका' करून टाकलं होतं. आता सांगितलं की हा माणूस बहुधा विकत घेतलेला असायचा. मुलाला ने-आण करायची, त्याच्या वागण्यावर लक्ष ठेवायचं, पण स्वतः मात्र मालमत्ता. वर्ग गप्प झाला. मग एकीने विचारलं, "त्याला वाचता येत असेल का सर?" बऱ्याच जणांना येत असावं, म्हणालो. प्रश्न फार चांगला होता, आणि माझ्या टिपणात तो नव्हता.

तास संपता संपता व्हिंडोलांडाची पाटी दाखवली. उत्तर इंग्लंडमधली रोमन छावणी, इ.स. १००च्या आसपासची. लाकडाच्या पातळ पत्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रं तिथे १९७३ पासून सापडत आली आहेत. त्यातल्या एका अर्धवट पत्राच्या मागे कुणीतरी, बहुधा छावणीच्या अधिकाऱ्याच्या मुलाने, रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातली एक ओळ गिरवली आहे. तिच्यापुढे वेगळ्या हस्ताक्षरात जे खरडलं आहे, ते 'ढिलं काम' अशा अर्थाच्या शब्दाचा तुकडा असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. वह्या तपासणाऱ्यांना आणखी सांगायला लागत नाही.

मघाशी वाचता येण्याबद्दल विचारणारी छात्राध्यापिका ही पाटी सराव पाठात घेणार म्हणून हटून बसली. चौथीचा वर्ग, इतिहासाला शिवछत्रपती, तिथे रोम कुठून आणणार? भाषेच्या तासाला घेते म्हणाली, लेखनाची ओळख म्हणून. बरं. संध्याकाळी पाठाचं टाचण घेऊन आली. त्यात वाक्य होतं, 'गुरुजींनी शेरा मारला.' मी खाली रेघ मारून लिहिलं, 'कशावरून?' मोठा भाऊही असू शकेल, छावणीत लहान मुलांचे जोडे सापडले आहेत. तिने 'गुरुजींनी' खोडून 'कुणीतरी' केलं, पण तोंड पाडून. गोष्टीतली मजाच गेली, म्हणाली. शुक्रवारी पाठ आहे. 'कुणीतरी म्हणजे कोण?' हे चौथीतली पोरं विचारणारच, आणि तिथे ती काय सांगेल यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.