सक्शन सुटलं तेव्हा

उजव्या डोळ्याचं स्माइल, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारी लेझर शस्त्रक्रिया, चालू होतं. नंबर मायनस 5.50, कॉर्नियाची, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी 548 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लेंटिक्यूलचा, म्हणजे कॉर्नियातून काढायच्या पातळ चकतीचा, खालचा छेद कडेकडून मध्याकडे सरकत असताना पेशंटने पापण्या आवळल्या. काचेच्या शंकूखाली अश्रूंची चमकती रेघ आत शिरली आणि डोळा शंकूला धरून ठेवणारं सक्शन सुटलं. फेम्टोसेकंद लेझर आपोआप थांबला. छेद 40 टक्के झाला होता.

तो 10 टक्क्यांच्या आत असता तर पुन्हा सक्शन लावून पहिल्यापासून घेता आला असता. चकतीच्या वरचा, म्हणजे कॅपचा छेद असता, तरी त्याच खोलीवर पुन्हा घेता येतो. पण अर्धवट राहिला होता तो नंबर ठरवणारा वक्र पृष्ठभागच. त्यावर दुसरा छेद तंतोतंत बसत नाही. आत पायरी पडते आणि तिरपा, चष्म्यानेही न सुधारणारा नंबर मागे राहतो. ही जोखीम घेऊच नये.

लॅसिकची, म्हणजे कॉर्नियाचा वरचा पापुद्रा (फ्लॅप) उचलून खाली एक्सायमर लेझरने नंबर काढण्याची, संमती आधीच घेतलेली होती. पेशंटला तिथेच समजावून मार्ग बदलला.

‘फेम्टो की एक्सायमर, कोणता लेझर चांगला?’ असं पेशंट नेहमी विचारतात, पण दोघांची कामंच वेगळी आहेत. फेम्टोचे सुमारे 1040 नॅनोमीटरचे किरण कॉर्नियातून आरपार जातात आणि जिथे एकवटतात तिथेच सूक्ष्म बुडबुडे करून थर सुटा करतात. एक्सायमरचे 193 नॅनोमीटरचे अतिनील किरण पृष्ठभागावरच शोषले जातात. प्रत्येक पल्स जेमतेम पाव मायक्रॉन ऊती उडवते. म्हणून लॅसिकमध्ये त्याला आधी फ्लॅप उघडून द्यावा लागतो.

अर्धवट राहिलेला छेद मध्यभागी 230 मायक्रॉन खोल जाणार होता. फेम्टोनेच 100 मायक्रॉनचा फ्लॅप केला. एक्सायमर सुमारे 80 मायक्रॉन काढणार, म्हणजे मध्यभागी तळ 180 वर, जुन्या छेदाच्या ठरलेल्या पातळीच्या बराच वर. खाली 368 मायक्रॉन शिल्लक. हे गणित जमलं नसतं तर त्या दिवशी थांबणंच योग्य ठरलं असतं.

बुडबुड्यांचा पांढुरका पडदा बाहुलीवर असेपर्यंत एक्सायमरचा आय ट्रॅकर बाहुली पकडत नाही, म्हणून 20 मिनिटं थांबलो. मग फ्लॅप उचलून स्पंजने तळ एकदाच, सगळीकडे सारखा टिपला. तळ ओला राहिला तर नंबर उरतो. फार सुकला तर जास्त कापलं जातं. लेझर दहा-बारा सेकंदांत संपला.

डाव्या डोळ्याला पापणीच्या खोबणीतलं पाणी नीट टिपून घेतलं. “हिरवा दिवा शेवटी धूसर होईल, त्याला शोधू नका, डोळा तिथेच ठेवा,” असं आधीच सांगितलं. स्माइल विनाअडथळा पूर्ण झालं.

दुसऱ्या दिवशी लॅसिकचा उजवा डोळा 6/6 (पूर्ण नजर), स्माइलचा डावा 6/9. आठवड्याने डावाही 6/6 झाला. कोरडेपणाचे थेंब मात्र उजव्याला जास्त दिवस लागले, कारण फ्लॅपच्या गोल छेदात कॉर्नियाच्या पुष्कळ नसा कापल्या जातात. स्माइलची चीर तीन-चार मिलिमीटरचीच असते.