पावतीचा क्रमांक आणि ओआरएमची निवड

फोंडा, रविवार रात्र

तीन आठवडे लांबणीवर टाकलेला निर्णय आज घेतला. आमच्या भागातील एका देवस्थानाचे पावत्यांचे काम वेबवर आणायचे आहे, आणि त्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला कोणता ओआरएम (डेटाबेसच्या टेबलांतील नोंदी प्रोग्राममधल्या वस्तूंसारख्या हाताळू देणारे साधन) घ्यावा, जँगोचा की एसक्यूएलअल्केमी, याच प्रश्नापाशी मी अडून बसलो होतो.

मन जँगोकडेच ओढ घेत होते. महाजनांची (देवस्थानाच्या सभासदांची) यादी, पूजांचे दर, पावत्यांचा शोध, हे सारे त्याच्या ॲडमिनमध्ये, म्हणजे नोंदी पाहण्याच्या आणि बदलण्याच्या तयार पानांत, जवळजवळ आयते मिळते, आणि कार्यालयातल्या कारकुनांना त्याहून फारसे अधिक लागत नाही.

अडचण निघाली ती पावतीच्या क्रमांकातून. १ एप्रिलला नवे पावतीपुस्तक सुरू होते आणि क्रमांक पुन्हा एकपासून लागतात. त्यामुळे जुन्या डेटाबेसमध्ये पावती ओळखली जाते ती आर्थिक वर्ष आणि क्रमांक या दोन रकान्यांच्या जोडीने. एका पावतीवर अभिषेक, कुंकुमार्चन आणि नैवेद्य अशा तीन सेवा असतील, तर त्या तिन्ही नोंदी याच जोडीच्या आधाराने पावतीशी बांधलेल्या असतात. अशी कंपोझिट प्रायमरी की, म्हणजे एकाहून अधिक रकान्यांनी मिळून ठरणारी नोंदीची ओळख, जँगोमध्ये आली ती एप्रिल २०२५ मधल्या ५.२ आवृत्तीत, आणि तीही अर्धीच: त्या आवृत्तीत अशा टेबलाकडे नेहमीची फॉरेन की (दुसऱ्या टेबलातून नोंदीकडे जाणारा दुवा) नेता येत नाही आणि ते टेबल ॲडमिनमध्येही घेता येत नाही. ज्या सोयीसाठी जँगो घ्यायचा, तीच सोय नेमकी पावत्यांना लागू पडत नव्हती. वेगळा आयडी रकाना जोडणे हा सरळ उपाय होता. पण जुना प्रोग्राम मार्चअखेरपर्यंत त्याच टेबलांत लिहीत राहणार असल्याने त्यांच्या रचनेला हात लावायचा नाही, अशी समितीची अट आहे, आणि ती मला रास्त वाटते.

२००६ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या एसक्यूएलअल्केमीत ती जोडी आहे तशी मांडता आली. तिथे सेशन, म्हणजे डेटाबेसशी चाललेले काम सांभाळणारा भाग, सर्व बदल एकत्र धरून ठेवते आणि कमिट म्हटल्याशिवाय काहीच कायम होत नाही. जँगोमध्ये ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द होणारे बदल) आपण होऊन मागावे लागते, एरवी प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, लगेच पक्की होते. पूर्वीच्या एका कामात रक्कम नोंदलेली पण सेवांच्या ओळी नसलेली पावती मी पाहिली आहे. देवाच्या नावाने दिलेल्या पैशाचा हिशेब असा अर्धवट राहावा, हे मला तेव्हाही सहन झाले नव्हते.

मात्र एक चूक कोणताही ओआरएम आपोआप टाळत नाही. दुपारी मी १०० पावत्यांची यादी त्यांतील सेवांसह मागवली आणि लॉग (गेलेल्या क्वेरींची नोंद) उघडून पाहिला, तर १०१ क्वेरी गेल्या होत्या: एक यादीसाठी आणि पुढे प्रत्येक पावतीमागे एकेक. सर्व पावत्यांच्या सेवा एकदम मागवणारा एसक्यूएलअल्केमीचा सिलेक्टइनलोड हा पर्याय लावल्यावर त्या २ झाल्या. जत्रेच्या दिवशी खिडकीपुढे रांग लागलेली असताना हा फरक भाविकांना उभ्याउभ्या भोगावा लागला असता, म्हणून विकासाच्या काळात लॉग सतत चालू ठेवायचे ठरवले आहे.

ॲडमिनऐवजी आता शोधाची आणि दुरुस्तीची पाने मलाच लिहावी लागतील, आणि त्यासाठी निदान तीन आठवडे अधिक लागतील. उद्या सकाळी कार्यालयात जाऊन समितीच्या सचिवांना हे स्पष्ट सांगायचे आहे.