टायरच्या हवेचा दिवा विझत नाही तेव्हा

डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारख्या आकारात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागला, की बहुतेक जण वाटेतल्या पेट्रोल पंपावर हवा भरतात आणि विषय संपवतात. बहुतेक वेळा तो संपतोही. गेल्या हिवाळ्यात आमच्या मोटारीच्या बाबतीत मात्र तो संपेना. हवा भरली की दिवा जाई, आठवड्या-दीड आठवड्याने पुन्हा लागे, आणि दर वेळी पडद्यावरच्या छोट्या चित्रात पुढचे डावे चाक पिवळे दिसे. सर्व्हिस सेंटरने ते चाक उतरवून पाण्यात बुडवून पाहिले. एकही बुडबुडा निघाला नाही. खिळा नाही, गळती नाही, मग दोष सेन्सरचाच, असे ठरवून नव्या सेन्सरचे काही हजार रुपयांचे एस्टिमेट माझ्या हातात ठेवण्यात आले. मी ते घडी घालून खिशात ठेवले आणि गाडी घरी आणली, कारण सेन्सर खराब असल्याची जी खूण असते ती आमच्या दिव्यात कधीच दिसली नव्हती.

ही खूण अगदी साधी आहे, पण गाडीसोबत मिळणारे पुस्तक कोणी उघडत नसल्यामुळे ती फारशी माहीत नसते. इग्निशन चालू केल्यावर हा दिवा मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि नंतर स्थिर झाला, तर यंत्रणेतच बिघाड आहे असे समजावे: एखाद्या सेन्सरचा सेल संपला असेल, सेन्सर तुटला असेल किंवा सेन्सर नसलेली स्टेपनी लावलेली असेल. दिवा न लुकलुकता सरळ स्थिर लागला, तर यंत्रणा आपले काम करत आहे आणि कोणत्या तरी चाकात हवा खरोखरच कमी आहे. आमचा दिवा नेहमी सरळ लागत असे. सेन्सर आतल्या सीलबंद सेलवर चालतो, तो सेल साधारण पाच ते दहा वर्षे टिकतो आणि संपला की बहुधा पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. त्यामुळे जुन्या गाडीत सेन्सरवर संशय घेणे चूक नाही. मात्र लुकलुक नसताना थेट तिथेच पोहोचण्याची घाई का व्हावी, हे मला कळले नाही.

सगळ्याच गाड्यांत चाकाच्या आत सेन्सर असतो असेही नाही. काही गाड्यांत एबीएससाठी (जोरात ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी) बसवलेले चाकाच्या वेगाचे सेन्सरच हे काम करतात. हवा कमी झालेल्या चाकाचा फिरता व्यास किंचित घटतो, त्यामुळे ते इतरांपेक्षा थोडे जास्त वेगाने फिरते आणि त्या फरकावरून संगणक अंदाज बांधतो. अशा गाडीत हवा भरल्यानंतर रीसेटचे बटण दाबून किंवा मेनूमध्ये जाऊन नवी स्थिती नोंदवावी लागते. तसे न केल्यास चारही चाकांत हवा ठीक असूनही दिवा लागलेलाच राहू शकतो. ‘हवा भरली तरी दिवा जात नाही’ अशी तक्रार कोणी केली, की मी आता सर्वांत आधी गाडीत यांपैकी कोणता प्रकार आहे ते विचारतो. आमच्या गाडीत पहिला प्रकार आहे: प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, एकेक सेन्सर असून तो रेडिओ लहरींवरून दाब कळवतो.

दिवा किती उशिरा लागतो, हेही ठाऊक असलेले बरे. या यंत्रणेची सक्ती प्रथम अमेरिकेने केली आणि तिच्यामागे तिथल्या फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरील फायरस्टोन टायरांचे अपघात होते. ऑगस्ट 2000 मध्ये सुमारे 65 लाख टायर परत मागवले गेले आणि त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्यातून पुढे हा नियम आला. शिफारस केलेल्या दाबापेक्षा हवा 25 टक्क्यांनी घटली की चालकाला इशारा मिळालाच पाहिजे, ही त्या नियमाची मर्यादा होती. दाराजवळच्या स्टिकरवर 33 पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) लिहिले असेल, तर याचा अर्थ जेमतेम 25. काही गाड्या त्याआधी इशारा देतात, पण 33 चे 31 झाले म्हणून सहसा दिवा लागत नाही. त्यामुळे ‘दिवा नाही म्हणजे हवा ठीक’ हा समज मला दिवा लागण्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो, विशेषतः समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर, जिथे तापलेल्या काँक्रीटवर तासन्तास एकाच वेगाने गाडी पळत असते आणि हवा कमी असलेल्या टायरच्या बाजूच्या भिंती वाकून-वाकून आतून तापत राहतात.

पुण्याच्या हिवाळ्याने आमच्या प्रकरणात आणखी गोंधळ घातला. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले, की टायरमधला दाब एक पीएसआयने कमी होतो. डिसेंबरमध्ये इथे पहाटे 11-12 अंश आणि दुपारी 29-30 अंश असा फरक सहज असतो, म्हणजे हवेचा एक कणही बाहेर न जाता सकाळ-दुपारच्या दाबात सुमारे तीन पीएसआयचे अंतर पडते. गाडी चालवून टायर तापले की त्यात आणखी भर पडते. बहुतेक लोक दुपारी, बऱ्यापैकी अंतर चालवून पंपावर पोहोचतात आणि तापलेल्या टायरमध्ये काटा 33 वर आणतात. त्याच टायरमध्ये दुसऱ्या दिवशी पहाटे 28 भरतात. म्हणून सकाळी लागलेला आणि दहा-पंधरा मिनिटांच्या प्रवासानंतर आपोआप गेलेला दिवा हा बहुतेक वेळा थंडीचा परिणाम असतो. आमच्याकडेही सुरुवातीला तो सकाळीच लागे. त्यामुळे ‘थंडीत होतेच असे’ हे उत्तर मला शेजाऱ्यांपासून सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरपर्यंत सर्वांकडून मिळाले. पण थंडी चारही चाकांना सारखीच लागते. ती एकाच चाकाला निवडून पकडत नाही. उत्तर अर्धवट होते ते इथे.

मग मी काही शे रुपयांना हवा मोजायचा एक डिजिटल गेज घेतला. पंपावरच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यांतले खरे कोणते हे ठरवण्याचा मार्ग आपल्याकडे नसतो. स्वतःचा एकच गेज रोज वापरला, तर तो अर्धा पीएसआय चुकीचा असला तरी रोज तेवढाच चुकतो आणि कोणते चाक उतरते आहे ते कळतेच. चारही चाकांत 33 हवा भरून मी रोज सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना, चारही आकडे एका जुन्या डायरीत लिहू लागलो. आठवडाभरात चित्र स्पष्ट झाले. पडद्यावर ज्याचे नाव येत होते ते पुढचे डावे चाक थंडीनुसार अर्धा-एक आकडा खाली-वर होऊन जागेवरच होते. मागचे डावे चाक मात्र हळूहळू, पण नेमाने उतरत होते.

म्हणजे दिवा खरे सांगत होता आणि पडदा खोटे. असे का व्हावे, याचे उत्तर सर्व्हिसच्या आधीच्या बिलात सापडले. त्यात ‘टायर रोटेशन’ अशी ओळ होती. टायर सारखे झिजावेत म्हणून पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची चाके सरळ मागे जातात आणि मागची पुढे येताना डावी-उजवीकडे अदलाबदल होते. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ओळख क्रमांक असतो आणि कोणता क्रमांक कोणत्या कोपऱ्यात आहे, याची नोंद गाडीच्या संगणकात असते. काही गाड्या ही नोंद स्वतःहून दुरुस्त करतात. आमच्यासारख्या गाडीत ती स्कॅनर लावून नव्याने करावी लागते, आणि ती कोणी केलीच नव्हती. पुढच्या डाव्या कोपऱ्याच्या नावे नोंदलेला सेन्सर चाकासोबत मागे गेला होता आणि तिथून इमानदारीने दाब कमी झाल्याचे कळवत होता. मी दिवा दाखवायला गेलो तेव्हा त्याच सर्व्हिस सेंटरने पडद्यावर विसंबून पुढचे निर्दोष चाक पाण्यात बुडवले. पंपावर आपण चारही चाकांत हवा भरून घेतो, त्यामुळे मागचे चाकही दर वेळी भरले जाई आणि दिवा काही दिवसांपुरता जाई, इतकेच.

मागचे चाक घेऊन मी सर्व्हिस सेंटरकडे न जाता आमच्या चौकातल्या पंक्चरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी टायरच्या नक्षीवरून हात फिरवला, मग व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचे पाणी टाकले. तिथे काही नव्हते. मग त्याने चाक आडवे करून रिम आणि टायर जिथे भेटतात त्या फटीत सगळीकडे साबणाचा दाट फेस घातला आणि बिडी पेटवायला बाहेर गेला. तो परत आला तेव्हा फटीच्या वितभर भागात मोहरीएवढे पांढरे बुडबुडे एकमेकांना चिकटून उभे होते. “काका, टायर ओके आहे. रिमच हवा सोडतीय,” असे म्हणून त्याने यंत्रावर टायर सोडवायला घेतला. आत सेन्सर आहे हे मी त्याला आधीच सांगितले होते, कारण टायर उचकटायची पट्टी चुकीच्या जागी घातली तर सेन्सर तिथेच मोडतो. रिमच्या कडेवर, जिथे टायरची कड बसते तिथे, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरट, खरखरीत खवले धरले होते. ही गाडी आम्ही मेहुण्यांकडून घेतली. त्यांच्याकडे ती कित्येक वर्षे रत्नागिरीत, समुद्रापासून फार दूर नसलेल्या घरासमोर, उघड्यावर उभी असे. खाऱ्या हवेने केलेले ते काम इतक्या वर्षांनी पुण्यात उघडकीला आले. दुकानदाराने तेवढा भाग पॉलिश पेपरने गुळगुळीत होईपर्यंत घासला, कडेला बीड सीलर (टायर आणि रिममधली फट बंद करणारा लेप) लावला, टायर बसवला आणि पुन्हा फेस घालून दाखवला. त्यासाठी त्याने घेतलेले पैसे सर्व्हिस सेंटरमध्ये चाक नुसते तपासण्यासाठी दिलेल्या पैशांपेक्षा कमी होते.

टायरमध्ये ओतायच्या सीलंटचा, म्हणजे आतून गळती बुजवणाऱ्या द्रव्याचा, सल्ला मला याआधी दोन ठिकाणी मिळाला होता. रिमच्या कडेची गळती त्याने कदाचित तात्पुरती थांबलीही असती, पण ते चिकट द्रव्य सेन्सरच्या बारीक छिद्रात बसले तर चांगला सेन्सर खरोखरच निकामी होऊ शकतो. नायट्रोजन भरण्याचा आग्रहही झाला. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. थंडीने दाब उतरण्याच्या बाबतीत दोन्हींचे वागणे जवळपास सारखेच, आणि गळक्या रिममधून दोन्ही सारखेच निघून जातात. त्यात काही वाईट नाही, पण दिवा लागण्यावरचा तो इलाज नव्हे.

सेन्सरांच्या जागांची नोंद नंतर सर्व्हिस सेंटरने करून दिली. थोडी वादावादी झाली, पण डायरीतले आकडे आणि त्यांचेच बिल शेजारी-शेजारी ठेवल्यावर त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. खातरजमा म्हणून मी त्यांच्यासमोर मागच्या डाव्या चाकातली हवा दिवा लागेपर्यंत सोडली. गाडी थोडी फिरवून आणल्यावर पडद्यावर मागचे डावे चाकच पिवळे झाले. त्याच आवारात ते पुन्हा 33 वर भरून मी निघालो.

त्यानंतर आमच्याकडे दिवा लागलेला नाही, पण गेज गाडीच्या कप्प्यातच असतो आणि पंधरा-वीस दिवसांनी सकाळी मी आकडे पाहतो. उजव्या बाजूच्या एका रिमच्या काठावर रंगाखाली बारीक फुगवटे दिसू लागले आहेत. यंदा टायर बदलायचेच आहेत, तेव्हा जुने टायर उतरतील त्याच वेळी उरलेले तिन्ही रिम घासून घेण्याचे दुकानदाराशी बोलून ठेवले आहे.