पाकीट फीडर अपडेट: डबल फीड आटोक्यात, आता तिरकेपणाशी भांडण

मंडळी, फीडर चालायला लागला. म्हणजे डीएल साईजची साधी पांढरी पाकिटं, २२० बाय ११० मिमीवाली, गठ्ठ्यातून एकेक सुटतात, छपाईच्या हेडखालून जाताना पत्ता छापून घेतात आणि पुढच्या ट्रेमध्ये पडतात, आणि तोवर मी शेजारी बसून चहा पिऊ शकतो, इतपत. लग्नपत्रिकेची ती चमकीवाली जाड पाकिटं मात्र अजून चालत नाहीत, त्याचं रडगाणं शेवटी.

नवीन लोकांसाठी सेटअप थोडक्यात: फ्रेम अॅल्युमिनियम प्रोफाइलची, रोलर, गिअर, शाफ्ट सगळं भंगारात गेलेल्या झेरॉक्स मशीनमधलं, मोटर नेमा १७ स्टेपर (ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी), कंट्रोलला आर्डुइनो नॅनो हा छोटा बोर्ड आणि छापायला खोक्यांवर बॅच नंबर मारतात तो सेकंडहँड इंकजेट कोडर, एचपी ४५ कार्ट्रिजवाला. गठ्ठा वरून ठेवायचा, सगळ्यात खालचं पाकीट ओढलं जातं, त्यामुळे मशीन न थांबवता वर भर घालता येते.

"लेझर प्रिंटरमध्ये का नाही घालत?" हे दर वेळी कुणीतरी विचारतंच. घाला की, दहा-वीस पाकिटं असतील तर खुशाल घाला. पण पाकीट म्हणजे कागद नव्हे, एकमेकांवर सरकणारे दोन कागद आणि मध्ये अडकलेली हवा. लेझरच्या फ्युजरमध्ये, म्हणजे शाईची पूड तापवून कागदावर पक्की करणाऱ्या भागात, एक गरम रोलर आणि एक दाबणारा रोलर, त्यांच्यामधून जाताना पुढचा थर आणि मागचा थर सारख्या वेगानं जात नाहीत, हवा मागे मागे ढकलली जाते आणि शेवटच्या कोपऱ्यात सुरकुती पडते. वर सेल्फ-सील पाकिटाचा गोंद त्या उष्णतेत पाघळतो तो वेगळाच ताप. ब्रदरच्या बऱ्याच लेझर मशीनला मागचं झाकण उघडलं की दोन हिरवे लिव्हर दिसतात, ते पाकिटासाठीच असतात, खाली केले की दाब कमी होतो, मागचं झाकण उघडंच ठेवलं की पाकीट वळण न घेता सरळ बाहेर येतं. खूप जणांना घरातल्या प्रिंटरला हे आहे हेच माहीत नसतं. पण शेकड्यानं पाकिटं काढायची तर हा मार्ग नाही.

आता मुख्य गोष्ट. पाकीट मशीनमध्ये छपाई हा सोपा भाग आहे, एका वेळी एकच पाकीट सोडणं हे खरं काम, दोन एकदम निघाली की तो डबल फीड. सुरुवातीला गेट फिक्स होतं, म्हणजे रोलर आणि वरची पट्टी यात ठरावीक फट, एक पाकीट जाईल, दुसरं अडेल. कागदाला हे जमतं. पाकिटाला का जमत नाही याचं गणित करून बघा: ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागद साधारण ०.१ मिमी जाड. पाकिटाच्या मोकळ्या भागात दोन थर, म्हणजे ०.२. मागच्या जोडावर तीन थर, ०.३. आणि जिथे फ्लॅप त्या जोडावर येतो तिथे चार थर, ०.४, गोंद धरून थोडं जास्तच. म्हणजे एका पाकिटाची सगळ्यात जाड जागा आणि दोन पाकिटांची सगळ्यात पातळ जागा एकाच मापाची! फट ०.४ च्या वर ठेवली की पातळ जागी दोन पाकिटं आरामात घुसतात, खाली ठेवली की फ्लॅपवर एकच पाकीट अडून फाटतं. मधलं माप नाहीच. मायक्रोमीटर घेऊन कितीही बसा.

मग जाडी सोडून घर्षणावर आलो. त्या झेरॉक्समध्येच उत्तर होतं, टॉर्क लिमिटरवाला रिटार्ड रोलर. मूळ मशीनमध्ये तो खाली असतो आणि कागद वरून उचलला जातो, मी सगळं उलटं बसवलंय. खालचा फीड रोलर पाकीट पुढे ओढतो. वरचा रिटार्ड रोलर स्प्रिंगवर टेकलेला, आणि त्याला उलट्या दिशेनं ड्राइव्ह दिलाय, पण थेट नाही, मध्ये लिमिटर, म्हणजे ठरावीक ताकदीच्या वर गेलं की तो घसरतो. एकच पाकीट मध्ये असेल तर रबर आणि कागदाची पकड इतकी जबरदस्त की लिमिटर हरतो आणि रिटार्ड रोलर गुमान पुढच्या दिशेनं फिरतो. दोन पाकिटं घुसली तर मात्र कागदावर कागद घसरतो, ती पकड लिमिटरला हरवू शकत नाही, रोलर उलटा फिरतो आणि वरचं पाकीट मागे लोटतो. जाडी किती याच्याशी त्याला देणंघेणंच नाही, ०.२ काय आणि ०.४ काय, स्प्रिंग वर-खाली होते आणि काम चालू राहतं.

हे मोबाईलवर स्लो मोशनमध्ये बघण्यासारखं आहे. दुसऱ्या पाकिटाचं नाक दोन-तीन मिमी पुढे येतं, थबकतं, आणि मग हळूच मागे जातं, तेवढ्यात पहिलं निघून गेलेलं असतं. मी हा व्हिडिओ घरात सगळ्यांना दाखवला, कुणालाही काहीही वाटलं नाही.

स्प्रिंगचा दाब हीच खरी ट्यूनिंग आहे. जास्त दाबला की दोन पाकिटांमधलंही घर्षण वाढतं आणि जोडी निघते, कमी केला की फीड रोलर जागच्या जागी घसरतो आणि काहीच निघत नाही. गठ्ठ्याच्या वजनाचंही तेच, वर फार भरलं की खालची पाकिटं एकमेकांना चिकटून चालतात. म्हणून गठ्ठ्याच्या मागच्या बाजूला पाचर लावलीय, मागची बाजू उचललेली राहते, वजन कमी पडतं आणि पुढच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांनी गेटपाशी येतात. झेरॉक्सवाल्या मेकॅनिकनं दिलेली टीप: रोलर गुळगुळीत झाला की आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, तरी नाही जमलं तर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, पण थिनर चुकूनही नको, रबर फुगतं.

आणि पावसाळा! ओला करून चिकटवायचा जो गोंद असतो तो हवेतली ओल खातो, फ्लॅप अर्धवट चिकटतात, पाकिटं वाकतात. गठ्ठा प्लॅस्टिकच्या बंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो आणि लावायच्या आधी पत्त्याच्या कॅटसारखा फुलवून घेतो, मगच मशीनवर.

जुन्या लोकांनी हे कसं सोडवलं ते वाचत बसलो होतो आणि गंमत कळली. बरीच वर्षं त्यांनी ते सोडवलंच नाही, हातावर सोडलं! अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटीचा जोसेफ स्मिथ डंकन, यानं १८९२ च्या सुमारास लाकडी षटकोनी ठोकळ्यावर रबर स्टॅम्पची अक्षरं चिकटवून पत्ते छापायचं यंत्र केलं, ठोकळा फिरला की पुढचा पत्ता शाई लागून तयार. त्यातूनच अॅड्रेसोग्राफ आलं, पेटंट १८९६ चं. पुढे त्यात धातूच्या पट्ट्यांवर उठावदार पत्ते आले, एकेक पट्टी आपोआप रिबनखाली सरकायची, छाप उमटला की त्याच क्रमानं खालच्या ड्रॉवरमध्ये जाऊन बसायची. स्टर्लिंग एलियटच्या मशीनमध्ये धातूऐवजी स्टेन्सिलची कार्डं, टाइपरायटरवर करता येणारी, बाकी तत्त्व तेच. म्हणजे पत्त्याचा फीड ऑटोमॅटिक, कारण पट्ट्या आणि कार्डं सगळी एकाच मापाची, आणि पाकीट मात्र सुरुवातीच्या मशीनमध्ये माणूस हातानंच घालायचा. ऑटोमॅटिक पाकीट फीड नंतर आला. आपल्याकडच्या ट्रेडल छपाई मशीनवर बघा ना, एका हातानं पाकीट घालणं, दुसऱ्यानं काढणं, आणि त्या माणसाच्या बोटांना दोन पाकिटं आली तर न बघता कळतं. टाइपिस्ट मंडळीही तसंच, एक पाकीट बाहेर पडतंय तोवर मागून दुसरं रोलरमध्ये सरकवलेलं, साखळी तुटत नाही. आमचा सगळा लिमिटर-बिमिटरचा खटाटोप त्या बोटांची नक्कल करायला.

छपाईकडे येऊ. एचपी ४५ ला ३०० नोझल, ६०० डीपीआय, म्हणजे एका पासमध्ये बरोब्बर अर्धा इंच, १२.७ मिमी उंची मिळते. इंग्रजी पत्ता चार ओळींत कसाबसा बसतो. मराठीत नाही बसत, कारण वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, जोडाक्षराची खालची शेपटी, चार ओळी कोंबल्या की वरच्या ओळीतला 'पूर्व' चा ऊकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो आणि पोस्टमन बिचारा बघत बसतो. तीन ओळी ठेवतो, पिनकोड तिसऱ्या ओळीतच. आणि माझा कोडर देवनागरी जोडाक्षरं नीट लावत नाही, म्हणून पत्ता कॉम्प्युटरवर आधी चित्र म्हणून बनवतो आणि चित्रच पाठवतो. एन्कोडर चाक, म्हणजे पाकीट किती सरकलं ते मोजणारं चाक, लावल्याशिवाय छापू नका, फीडरचा वेग क्षणभर जरी कमी-जास्त झाला तरी अक्षरं ताणली किंवा दबली जातात. त्याच एन्कोडरवर डबल पकडायचीही सोय केलीय: सेन्सर २२० मिमीऐवजी २३५ च्या पुढे झाकलेला राहिला तर दोन पाकिटं एकमेकांवर चढून आलीत, मोटर बंद. उजेड आरपार टाकून बघणं सोपं वाटतं, पण आतून निळी नक्षी छापलेली पाकिटं आली की सगळा हिशोब बिघडतो.

आता तिरकेपणा. पाकीट आखूड बाजूनं पुढे जातं, फ्लॅप खाली, त्यामुळे लांबीची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ. गठ्ठा एका अंगाला कलतो, जाड बाजूला पकड जास्त बसते आणि पाकीट वळतं, पत्त्याची शिरोरेषा चढावर निघाल्यासारखी दिसते. फ्रँकिंग मशीनवाल्यांनी, म्हणजे पाकिटावर तिकिटाऐवजी छाप मारणाऱ्या मशीनवाल्यांनी, यावर जे केलं तेच करतोय. तिकिटाचा छाप वरच्या उजव्या कोपऱ्यात एकाच जागी यायला हवा म्हणून तिथे पाकीट एका कडेच्या भिंतीला टेकवूनच पुढे नेतात. (अशा मशीनचं आर्थर पिटनीचं पेटंट १९०२ चं, वॉल्टर बोझशी जोडी जमून अमेरिकन पोस्टानं त्यांचं मशीन मान्य केलं १९२० मध्ये, अठरा वर्षं धीर धरला त्या माणसानं.) मी गेटनंतरचे दोन रोलर तीन-चार अंश तिरके लावलेत, ते पाकिटाला पुढे नेता नेता भिंतीकडे लोटतात. फ्लॅप नसलेली कड भिंतीला घेतलीय, ती जास्त सरळ असते. दाब अगदी हलका पाहिजे, नाहीतर कड मुडपते. सध्या सुधारणा आहे पण पुरी नाही, पाकीट भिंतीला टेकायला जेवढं अंतर लागतं तेवढं हेडच्या आधी मिळत नाहीये, फ्रेम लांबवावी लागेल.

राहिली लग्नाची पाकिटं. चमकी, एम्बॉस केलेला गणपती, वर सोनेरी फॉइल. फॉइलवर रबर घसरतं, एम्बॉसवर पाकिटं एकमेकांत अडकतात, चमकी रोलरवर चिकटते आणि मग साध्या पाकिटांचीही पकड जाते. घर्षणाच्या भरवशावर हे होणार नाही असं माझं ठाम मत झालंय. इथे हायडलबर्गची विंडमिल ही जुनी छपाई मशीन आठवते, अजूनही कितीतरी प्रेसमध्ये नंबरिंग आणि डाय-कटिंगला खडखडत असते. १९१४ ला लायप्झिगच्या प्रदर्शनात आलेलं डिझाइन: हवेचा झोत गठ्ठ्याच्या वरच्या कडा सोडवतो, सक्शनची पट्टी सगळ्यात वरचा नग उचलते आणि फिरणारा ग्रिपर तो घेऊन जातो. रबराची पकड कुठेच नाही, चमकी असो की फॉइल. तेव्हा पुढचा टप्पा वरून सक्शन, म्हणजे खालून फीड सोडावा लागेल आणि चालू मशीनमध्ये भर घालायची सोय जाईल, ते चालेल.

माशांच्या टाकीचा पंप उलटा जोडून बघितला, पाकीट उचलतो पण सोडायला वेळ लावतो. कुणाकडे जुन्या ऑफसेटचे सक्शन कप किंवा छोटा ड्राय व्हेन पंप पडून असेल तर कळवा, कुरिअरचे पैसे माझे, आणि बदल्यात झेरॉक्सचे टॉर्क लिमिटर आहेत, हवे तेवढे न्या.