अन्ननलिकेचा दाह: गोळी बरोबर, वेळ चुकीची

माझ्या एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड बी’ लिहिलं होतं. म्हणजे अन्ननलिकेच्या अस्तरावर ५ मिलिमीटरपेक्षा लांब ओरखडे, पण एका घडीवरून दुसरीपर्यंत न पोचलेले. जठरातलं आम्ल वर चढून हे झालं होतं. औषध आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, रोज एक, आठ आठवडे.

पहिले दोन आठवडे गोळी रात्री जेवणानंतर घेतली आणि जळजळ जशीच्या तशी राहिली. चूक वेळेची होती. जठरातले आम्ल सोडणारे पंप अन्न पोटात गेलं की चालू होतात, आणि ही गोळी चालू पंपच बंद करते. रक्तात ती काही तासच टिकते. म्हणून नाश्त्याआधी अर्धा ते एक तास: उठल्यावर गोळी, मग अंघोळ, मग चहा-पोहे. गोळी फोडायची नाही, वरचं आवरण औषधाला आम्लापासून वाचवतं. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस जातात, त्यामुळे ‘जळजळलं की एक’ असं चालत नाही. अधूनमधून जळजळलं तर जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध, जे पोटातल्या अन्नावर थर धरून आम्ल वर येऊ देत नाही.

पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलायची असते. पण पुण्यातल्या फ्लॅटमधला पलंग बहुधा पेटीचा, विटा लावायला त्याला पायच नसतात. दोन उशा घेऊ नका. कमरेत वाकून पोटावर दाब येतो आणि आम्ल आणखी वर चढतं. मी गादीवाल्याकडून डोक्यापासून कमरेपर्यंतचा उतरता फोम कापून घेतला. झोपताना कूस डावी.

जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. हिंजवडीहून घरी पोचायलाच नऊ वाजतात, म्हणून पोळी-भाजीचा डबा साडेसातला ऑफिसातच खातो. मिसळीची तर्री मला बाधते, दही नाही. हे ज्याचं त्यानं ओळखावं, सगळंच सोडू नये.

मुरुमांवरची डॉक्सिसायक्लिन किंवा हाडांसाठीची अलेन्ड्रोनेट घोटभर पाण्यावर गिळून लगेच आडवं झालं, तर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. पेलाभर पाणी आणि पुढे अर्धा तास ताठ बसणं, एवढं पाळाच.

पॅन्टोप्राझोल एकदम थांबवली तर आम्ल उसळून येऊ शकतं आणि दुखणं परतलं असं वाटतं. मला डॉक्टरांनी आधी २० मिलिग्रॅमवर आणलं, मग एक दिवसाआड. मात्र घास अडकू लागला, शौच डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसलं किंवा कारण नसताना वजन उतरलं, तर गोळ्यांचा हिशेब करत बसू नका, लगेच दाखवा.